‘तुमच्याकडे असं म्हणतात का हो?’

भाषाशास्त्र विभागात टॉक आहे म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, असेल शुद्धलेखनावर लेक्चर. मलाही तसंच वाटायचं. एका मैत्रिणीबरोबर पहिल्यांदा असल्या सेमिनारला गेले तेव्हा दारातच दोन पानांचा कागद हातात मिळाला, त्याला तिथे हँडआउट म्हणतात, आणि त्यावर सगळी आपलीच साधी मराठी वाक्यं होती, फक्त काहींच्या आधी एक चांदणी छापलेली.

ही चांदणी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण ती कळली की अर्धा टॉक कळतो. ‘राम आला’ याच्या आधी काही नाही, पण ‘रामने आला’ याच्या आधी चांदणी. म्हणजे मराठी बोलणारं कोणीही असं म्हणत नाही. बाईंनी वहीत मारलेल्या लाल फुलीसारखी ती नसते, ‘हे वाक्य कोणाच्या तोंडी येत नाही’ एवढी नोंद असते फक्त. अडखळल्यासारखं वाटणाऱ्या वाक्याआधी प्रश्नचिन्ह टाकतात. (जुन्या भाषांवरच्या टॉकला गेलात तर हीच चांदणी वेगळ्या अर्थाने दिसेल, तिथे ती म्हणजे लिहिलेला पुरावा नाही, तुलना करून अंदाजाने उभा केलेला शब्द.)

त्या दिवशी सगळा वेळ भूतकाळातल्या क्रियापदांवर गेला. ‘तू चपाती खाल्लीस.’ हे आपण रोज म्हणतो, पण फळ्यावर त्याचे तुकडे करून लिहिले तेव्हा मी बघतच राहिले. खा म्हणजे खाणं, मग ल्ल म्हणजे झालेली गोष्ट, मग ई ही चपातीची, कारण चपाती स्त्रीलिंगी, आणि शेवटचा स तुझा. आंबा असेल तर खाल्लास, आंबे असतील तर खाल्लेस, केळं असेल तर खाल्लंस. म्हणजे एकच क्रियापद कोणी खाल्लं तेही सांगतंय आणि काय खाल्लं तेही, दोघांचा हिशोब एकाच शब्दात! हिंदीत ‘तूने रोटी खाई’ म्हटलं की ‘खाई’मध्ये फक्त रोटी दिसते, ‘तू’ दिसत नाही. आणि हल्ली बरेच जण ‘तू चपाती खाल्ली’ असं स गाळूनच बोलतात, तर मग तो स चाललाय का, कुठल्या भागात, कुठल्या वयात, यावर तिथे खरोखर तावातावाने बोलणं झालं.

मग वक्त्यांनी ‘मी काम केलो’ हे वाक्य चांदणी लावून दाखवलं आणि मागच्या रांगेतून एक काका म्हणाले, आमच्या सोलापूरकडे म्हणतात की असं. एकदम शांतता. वक्त्यांनी लगेच विचारलं, तुमच्याकडे असं म्हणतात का हो? कोण कोण म्हणतं? बाया पण म्हणतात? आणि उत्तरं लिहून घेतली. मला हे फार आवडलं. भाषा बोलणारा माणूस हाच इथला पुरावा असतो, त्याला पदवी लागत नाही. एकट्या वक्त्याच्या कानावर भागत नाही म्हणून आता बरेच संशोधक पुष्कळ लोकांना तीच वाक्यं ऐकवतात आणि १ ते ७ मध्ये मार्क द्यायला सांगतात.

माझी आई कोल्हापूरची, तीही ‘मी काम केलो’च म्हणते. शाळेत मी एकदा निबंधात तसं लिहिलं तर सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवलं होतं, ते अजून टोचतं. इथे मात्र त्याच वाक्यावर अर्धा तास चर्चा चालली. पुस्तकी मराठीत ‘मी काम केलं’, म्हणजे क्रियापद कामाच्या मागे जातं, त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, आणि कोल्हापूर सोलापूरकडे ते बोलणाऱ्याच्या मागे जातं. कन्नडमध्येही ‘नानु केलस माडिदे’ यातलं क्रियापद ‘मी’च्याच मागे जातं, त्यामुळे शेजाराचा परिणाम म्हणणं सोपं आहे. पण पुण्याचा माणूसही ‘मी चहा प्यायलो’, ‘मी ते विसरलो’, ‘मी गाणं शिकलो’ म्हणतोच ना? तिथे कुठे क्रियापद चहाच्या मागे जातं? म्हणजे ही वाट मराठीत आधीपासून होती, आणि मला वाटतं सीमेवर कन्नडच्या सोबतीने ती रुंद झाली असावी.

या शेजाराचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातलं. कुपवाडमध्ये कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू बोलणारी घरं पिढ्यान्पिढ्या शेजारी राहत आलेली. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषा अभ्यासकांनी १९७१ मध्ये लिहिलं की तिथल्या या भाषांचे शब्द वेगळे राहिले पण वाक्याचा साचा जवळजवळ एक झाला. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, तिथल्या उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’, एका भाषेचा तुकडा काढायचा आणि त्या जागी दुसरीचा तुकडा ठेवायचा. जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गात हे गाव शिकवतात, आणि आपल्याकडे किती जणांना माहितीय? साधारण ४० वर्षांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी तिथे पुन्हा काम करून तो दावा तपासून बघितला आणि त्यावर प्रश्नही उभे केले.

डेक्कन कॉलेजला या कामाची जुनी सवय आहे. १९३९ मध्ये ती संशोधन संस्था झाली तेव्हापासून तिथे भाषाशास्त्र आहे, १९५० च्या दशकात तिथल्या समर स्कूलना देशभरातून लोक यायचे, आणि अलीकडे राज्य मराठी विकास संस्थेबरोबर त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यात जाऊन बोलींचं रेकॉर्डिंग केलंय, ते ऑनलाइन कोणालाही ऐकता येतं. नक्की ऐका, आपल्या तालुक्याचं सापडलं की अंगावर काटा येतो.

त्या दिवशी टॉक संपल्यावर चहाच्या वेळी मी वक्त्यांना आईबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, बोलता येईल का त्यांच्याशी? फोन लावला, स्पीकरवर टाकला, त्यांनी रेकॉर्ड करू का असं आधी विचारलं तर आई म्हणाली, करा की. मग मी काय सांगणार बाई, मला काय येतंय, असं म्हणत म्हणत ती वीस मिनिटं बोलली, सकाळपासून काय काय केलो ते सगळं. शेवटी म्हणाली, बरं, मी ठेवतो आता, गॅसवर दूध आहे.

वक्त्यांनी फोनकडे बघतच ‘ठेवतो’ लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.