पार्श्वभूमी : प्रोग्रामचा वेग मोजणारा प्रोग्राम आणि ‘पर से’चा घोळ

प्रोग्रामचा कोणता भाग किती वेळ खातो, हे शोधणारी ‘प्रोफायलर’ साधने युनिक्सवर १९७०च्या दशकापासून आहेत. त्याच काळातल्या आपल्या पेटंट कायद्यात संगणक-प्रोग्रामचे नावही नव्हते. ते आले २००२च्या दुरुस्तीने, कलम ३(के)मध्ये: संगणक-प्रोग्राम ‘पर से’ (per se, म्हणजे नुसता, स्वतःपुरता) म्हणजे शोध नव्हे.

पेटंट नाकारल्यावरच्या अपिलात आज जो वाद होतो, तो ‘पर से’ या दोन शब्दांचा. ते संसदेच्या संयुक्त समितीने घातले. समितीचे म्हणणे होते की प्रोग्रामला जोडून किंवा त्याच्यावर उभे राहिलेले आणखी काही असू शकते, आणि ते शोध असेल तर नाकारू नये. नुसत्या प्रोग्रामला मात्र पेटंट नको. हेतू इतका स्वच्छ लिहिलेला असताना पुढे वर्षानुवर्षे ‘पर से’ जणू छापलेच नाही, अशा थाटात अर्ज फेटाळले गेले. डिसेंबर २००४च्या वटहुकमाने उद्योगातला तांत्रिक वापर आणि हार्डवेअरशी जोड या दोन्हींना सूट दिली होती. २००५मध्ये संसदेने ती गाळली. सूट नाकारली म्हणून दार बंद, असे एका बाजूने वाचले; जुने शब्द राहिले म्हणजे दार होते तसेच, असे दुसरीने. मला दुसरे वाचन पटते.

पेटंट कार्यालयाच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांनी नव्या हार्डवेअरची अट घातली, २०१७मध्ये ती गेली. डिसेंबर २०१९मध्ये एका उच्च न्यायालयाने तांत्रिक परिणाम पाहा, असे बजावले. ज्या अर्जावर हा निकाल आला, तो २००२चा होता! २०२१मध्ये खास अपील मंडळच बरखास्त झाले आणि अपिले उच्च न्यायालयांकडे आली. मुंबई कार्यालयाने नाकारलेल्या अर्जाचे अपील आता मुंबई उच्च न्यायालयात जाते. २०२३मध्ये, अनेक यंत्रांवर कामे वाटून देणाऱ्या प्रणालीचा अर्ज नव्या हार्डवेअरअभावी फेटाळला गेला होता, तो फेरविचाराला परत पाठवला गेला.

प्रोफायलरची अडचण याहून नाजूक आहे. तो यंत्र वेगवान करत नाही, फक्त आकडे देतो. त्यावर काय करायचे ते माणूस ठरवतो. म्हणून ‘ही नुसती माहिती’ असा आक्षेप येतो. पण प्रोसेसरचा वेळ आणि मेमरी मोजणे हे खऱ्या यंत्राचेच मोजमाप आहे, आणि मोजणीमुळे यंत्रावर पडणारा भार कमी करून ते मोजमाप अचूक केले असेल, तर तो परिणाम यंत्रातच घडतो. अर्जातल्या दाव्यात, म्हणजे ज्यावर हक्क मागितला त्या वर्णनात, नेमके हे मांडले आहे की पडद्यावरचा तक्ताच, हे अपिलात आधी पाहावे लागते.