दोरी जुनी, शब्द नवा

दोरीच्या उड्यांना हल्ली जिममध्ये ‘प्लायोमेट्रिक व्यायाम’ म्हणतात, म्हणजे स्नायू ताणला जाताच लगेच उसळी घ्यायचा व्यायाम. मधल्या सुट्टीत फरशीवर दोरी आपटत शंभर मोजणाऱ्या मुलींना हे कुणी सांगितलं नव्हतं. दोरी फार जुनी. शब्द जेमतेम पन्नास वर्षांचा, आणि तो दोरीसाठी जन्मलेलाही नाही.

मूळ कल्पना मॉस्कोतली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की तिहेरी उडीचे खेळाडू घडवत होते. या प्रकारात धावत आलेला खेळाडू एका पायावर आदळतो आणि लगेच पुन्हा उसळतो. त्या क्षणी पायावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. खांद्यावर वजन घेऊन बैठका मारून तेवढा भार द्यायचा, तर आधी पाठच बोलायला लागेल. वेर्खोशान्स्कींनी सरळ उपाय काढला: वजन वाढवण्याऐवजी खेळाडूलाच उंचावरून खाली येऊ द्यायचं. सुमारे पाऊण ते एक मीटर उंच ठोकळ्यावरून उतरायचं आणि पाय टेकताच जमेल तितकं वर उसळायचं. या सरावाचं नाव ‘धक्का पद्धत’. १९६० च्या दशकात त्यांचे लेख रशियन नियतकालिकांत येऊ लागले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत धावपटू वालेरी बोर्झोवनं १०० आणि २०० मीटर दोन्ही जिंकल्यावर पश्चिमेकडचे प्रशिक्षक सोव्हिएत सरावाकडे जास्तच बारकाईनं पाहू लागले.

‘प्लायोमेट्रिक्स’ हे नाव दिलं अमेरिकेच्या फ्रेड विल्ट यांनी, १९७५ च्या सुमारास. हे गृहस्थ १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले, आणि पेशानं एफबीआयचे अधिकारी! सोव्हिएत खेळाडूंच्या उड्या मारण्याच्या सरावानं त्यांचं लक्ष वेधलं होतं.

मुष्टियोद्धे मात्र हे सगळं घडण्याच्या आधीपासून दोरी मारत होते, दम वाढावा आणि पाय हलके राहावेत म्हणून. त्यांच्या उडीत धक्का पद्धतीचंच तत्त्व छोट्या प्रमाणात आहे. चवडा टेकला की पोटरी आणि टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) ताणली जाते, आणि तो ताण विरायच्या आत शरीर वर उसळतं. ताणल्यावर लगेच आकुंचन पावणारा स्नायू जास्त काम करतो, हे इटलीच्या जोव्हानी कावान्या यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांतून दाखवलं होतं.

म्हणून दोरी आणि ठोकळा एका पंगतीत बसवायचे का? मला ते पटत नाही. ठोकळ्यावरच्या उड्या मोजून थोड्या मारायच्या असतात. दोरीच्या मिनिटाला शंभराहून जास्त सहज होतात. दोरी ही या जिन्याची पहिली पायरी. अमेरिकन कुस्तीगीर बडी ली यांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकनंतर दोरीचं प्रशिक्षण हेच आपलं काम केलं. जाणकार शिकवतात ती उडी दिसायला अगदीच किरकोळ: जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर, गुडघे किंचित सैल, टाच अधांतरी. टाच टेकली, गुडघे खोल वाकले, की पाय जमिनीवर रेंगाळतो आणि कंडरेतला ताण वाया जातो. मग घाम येतो, दमही वाढतो, पण तो व्यायाम प्लायोमेट्रिक उरत नाही.