वाइनव्हिएर्टेलमधल्या तळघरांच्या गल्ल्या : निघण्यापूर्वी वाचावे

व्हिएन्नाच्या सहलीला जोडून आम्ही जी एक दिवसाची फेरी देतो, तिच्याविषयी थोडे.

व्हिएन्नाच्या उत्तरेला वाइनव्हिएर्टेल हा द्राक्षांचा प्रदेश. इथल्या गावांच्या कडेला बैठ्या, चुना दिलेल्या घरांच्या रांगा दिसतात. दार आहे, कौलं आहेत, धुराडं मात्र नाही, कारण इथे कुणी राहतच नाही. या गल्लीला 'केलरगासे' म्हणतात. पुढच्या खोलीत द्राक्षं दाबायची आणि मागच्या भुयारात वाइन ठेवायची, अशी ही जुनी सोय.

भुयारं खणली आहेत ती लोएसमध्ये. वाऱ्याने आणून टाकलेली ही पिवळसर माती कुदळीने सहज निघते, तरी कमान न बांधताही टिकून राहते. भिंतीवरून बोट फिरवलं तर बेसनासारखी भुकटी हाताला लागते. आत बाराही महिने साधारण दहा अंश तापमान असतं, म्हणून जूनमध्येही स्वेटर घ्याच. पायऱ्या उभ्या आणि ओलसर असतात. गुडघे दुखत असतील तर वरच्या खोलीत बसा. जुना लाकडी दाबयंत्राचा सांगाडा बहुधा तिथेच असतो आणि खरं तर तोच जास्त पाहण्यासारखा.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. रस आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. पूर्वी लोक मेणबत्ती घेऊन उतरत. ती विझली की माघारी. तेव्हा मार्गदर्शकाच्या पुढे कुणीही उतरू नये, मुलांना तर अजिबात सोडू नये.

नाशिकच्या वायनरीसारखं इथे काउंटर, तिकीट असं काही नसतं. तळघरं खासगी कुटुंबांची आहेत. वेळ ठरवल्याशिवाय गेलात तर बंद दारांचे फोटो तेवढे मिळतील. ती वेळ आम्ही ठरवतो. हाड्रेसची गल्ली सुमारे दीड किलोमीटर लांब आहे, फाल्केनस्टाइनला वर किल्ल्याचे अवशेष आहेत. दोन्ही एकाच दिवशी करण्याचा आग्रह धरू नका. एकच निवांत बघा. आयत्या वेळी ठरलं तर रेट्झला जा. तिथे शहराखाली तळघरांचं जाळंच आहे आणि मार्गदर्शकासह फेऱ्या ठरलेल्या वेळी निघतात.

दारावर हिरवी फांदी टांगलेली दिसली, की मालक घरची वाइन विकतोय असं समजा. ही मुभा सम्राट दुसऱ्या योसेफने १७८४ मध्ये दिली. ग्र्यूनर फेल्टलिनर ही इथली मुख्य पांढरी वाइन, किंचित मिरमिरीत. न पिणाऱ्यांसाठी द्राक्षरस मिळतो.

शाकाहारी मंडळींनो, ब्रेडवरचा पांढरा मऊ लेप लोणी समजून उचलू नका, ती बहुधा डुकराची चरबी असते. लालसर लिप्टाउअर मागा. त्यात चीज आणि पाप्रिका असते. तरीही विचारून घेतलेलं बरं.

वाहन आमचं असतं, त्यामुळे परतीच्या ड्रायव्हिंगची चिंता नाही. कार्ड सगळीकडे चालेलच असं नाही. थोडे रोख युरो जवळ असू द्या.