फुकट सीटचं बिल कोणाच्या नावावर?

विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजच्या पावतीवर ट्यूशन फी आणि डेव्हलपमेंट फी अशा दोन वेगळ्या ओळी असतात. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची यातली पहिली ओळ पुसली, परीक्षा शुल्कही माफ केलं. अट अशी की प्रवेश 'कॅप'मधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. दाखल्यावरचा आकडा 8 लाखांच्या थोडा पुढे सरकला, की पूर्ण फी.

उत्पन्नाची ही रेघ जुनी आहे. 1959 मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने ई.बी.सी., म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची फी सवलत आणली, त्या सुरुवातीच्या काळात ती वर्षाला 1200 रुपयांवर होती. रेघेबाहेरच्यांनाही त्या काळी फार झळ बसत नसे, कारण कॉलेजं बहुतेक सरकारी नाहीतर अनुदानित होती.

चित्र बदललं 1983 मध्ये. आपली पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जात होती. वसंतदादा पाटलांनी इथेच खासगी संस्थांना परवानगी दिली, पण अनुदानाशिवाय. मग खर्च निघणार तो विद्यार्थ्यांच्याच खिशातून. डोनेशनबंदीचा कायदा 1987 मध्ये झाला. डोनेशन किती थांबलं, हे तेव्हाच्या पालकांना विचारावं.

कर्नाटकात तर दरपत्रकच होतं. 1989 च्या अधिसूचनेप्रमाणे खासगी मेडिकलच्या सरकारी जागेला वर्षाला 2000 रुपये, राज्यातल्या इतरांना कमाल 25,000, परराज्यातल्यांना 60,000. मोहिनी जैन खटला त्यावरूनच उभा राहिला आणि 1992 मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅपिटेशन फी, म्हणजे हेच डोनेशन, बेकायदा ठरवली.

पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन निकाल आला: निम्म्या जागा 'फ्री', निम्म्या 'पेमेंट'. फ्रीवाल्याचा खर्च शेजारच्या बाकावरच्या पेमेंटवाल्याने उचलायचा. कागदावर न्याय्य वाटणारी ही सोय प्रत्यक्षात उलटी फिरली. मेरिट लिस्टमध्ये वर कोण, तर चांगल्या शाळांत शिकलेली, खात्यापित्या घरची मुलं. त्यांना फ्री सीट. आणि थोडक्यात मार्क हुकलेल्या खेड्यातल्या मुलाचा बाप पेमेंट सीटसाठी कर्ज काढणार. टी.एम.ए. पै खटल्यात 2002 साली अकरा न्यायमूर्तींच्या खंडपीठाने नेमक्या या विसंगतीवर बोट ठेवलं आणि ती योजना मोडीत काढली. 2005 मध्ये पुण्याच्या पी. ए. इनामदारांच्या नावाच्या खटल्यात एन.आर.आय. कोट्याला 15 टक्क्यांची मर्यादा पडली. फी ठरवणाऱ्या समित्याही कोर्टाने तूर्त चालू ठेवल्या. आपल्याकडे 2015 च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण बसवलं.

फ्री-पेमेंटची योजना गेली तेव्हापासून सीट फुकट नसते, विद्यार्थी सवलतीचा असतो. कॉलेजचा दर एक, ज्याची माफी त्याचे पैसे सरकार भरणार. त्यामुळे 8 लाखांच्या आतल्या एकाच घरात बहिणीची ट्यूशन फी शून्य आणि खुल्या गटातल्या भावाची निम्मी असू शकते. डेव्हलपमेंट फीची ओळ मात्र दोघांच्याही पावतीवर तशीच.