वल्ह्यातला हात

देवमाशाच्या नावातच मासा आहे, घोटाळा तिथूनच सुरू होतो. कातडीखाली पाहिलं, तर त्याच्या फ्लिपरमध्ये, म्हणजे पोहण्याच्या वल्ह्यात, दंडाचं एक हाड, कोपराखालची दोन, मग मनगट आणि बोटं. नेहमीच्या माशाच्या परात असा हात नसतो. हे वल्हं म्हणजे खरं तर हात आहे, बोटं एकाच कातडीत गुंडाळलेला.

इंग्लिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४०च्या दशकात हे साम्य नीट मांडलं. सगळ्या पृष्ठवंशीयांमागे एकच आदर्श आराखडा आहे, असं त्यांचं म्हणणं. डार्विननी १८५९मध्ये माणसाचा हात, घोड्याचा पाय, वटवाघळाचा पंख आणि शिंशुकाचं वल्हं एका पंक्तीत बसवलं आणि साधं कारण दिलं: पूर्वज एक. मधले दुवे सापडायला मात्र पुढचं शतकही पुरलं नाही. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा, चार पायांचा पाकिसेटस हा देवमाशांचा जमिनीवर चालणारा प्राचीन नातलग जगापुढे आला तो १९८१मध्ये.

जमिनीवरून पाण्यात परतण्याचा हा खेळ अनेकदा झाला आणि प्रत्येकाने आपापली रीत काढली. जलसिंह पुढच्या वल्ह्यांनी पाणी मागे रेटतो, सील मागची वल्ही डावी-उजवीकडे हलवतो. पेंग्विन तर पाण्यात चक्क उडतो. देवमाशाला वेग देते ती शेपटी, आणि तिच्या पसरट पात्यांत हाडच नाही. पुढची वल्ही वळायला आणि तोल सांभाळायला.

चार सारखी वल्ही असलेला प्लेसिओसॉर हा नामशेष झालेला समुद्री सरपटणारा प्राणी सगळ्यांत बुचकळ्यात टाकणारा. जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंग यांना १८२३मध्ये त्याचा जवळपास पूर्ण सांगाडा मिळाला, आणि तो पोहत कसा असेल यावर जवळपास दोनशे वर्षं वाद चालला. २०१७मध्ये कृत्रिम वल्ही पाण्यात चालवून पाहिली, तेव्हा पुढच्या जोडीने उठवलेल्या भोवऱ्यांत ठरावीक लयीत फिरणाऱ्या मागच्या जोडीचा रेटा ६० टक्क्यांपर्यंत वाढला.

आणि कुबड्या देवमाशाची गोष्ट सांगायलाच हवी. त्याचं वल्हं अंगाच्या एक तृतीयांश लांबीचं, पुढच्या कडेला ओबडधोबड उंचवटे. फ्रँक फिश या जीवशास्त्रज्ञांनी एका दुकानात त्याचा पुतळा पाहिला आणि शिल्पकाराने उंचवटे चुकीच्या कडेला लावलेत, असं बोलून दाखवलं. दुकानदाराने फोटो आणून दाखवला. शिल्पकार बरोबर होता. पुढे २००४मध्ये वायुबोगद्यातल्या चाचणीत दिसलं, की या उंचवट्यांमुळे वल्हं बऱ्याच जास्त तिरप्या कोनातही उचल, म्हणजे वर ढकलणारा रेटा, गमावत नाही. आता तसे उंचवटे कारखान्यांतल्या मोठ्या पंख्यांच्या पात्यांवरही आले आहेत.