घटस्फोटानंतर मूल घेऊन दुसऱ्या राज्यात: कायदा इथवर आला कसा

पुण्यात हिंजवडी-खराडीत कुणाची बदली बंगलोरला होणं यात नवीन काहीच नाही, पण घटस्फोट झालेला असेल, मुलाची कस्टडी आईकडे आणि शनिवार-रविवारचा ॲक्सेस, म्हणजे भेटायचा हक्क, वडिलांकडे असेल, तर तीच बदली शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात जाऊन पोचते. आणि तिथे गेल्यावर कळतं की मूल घेऊन दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर काय करायचं हे सांगणारा वेगळा कायदाच आपल्याकडे नाहीये.

आहे तो १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट, म्हणजे पालकत्वाचा कायदा. घटस्फोटित, नोकरी करणारी आई तेव्हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर असणं शक्यच नव्हतं. पण त्यातली दोन कलमं आजही निघतातच. कलम ९ नुसार अर्ज तिथल्या कोर्टात करायचा जिथे मूल नेहमी राहतं, आणि कलम २६ नुसार कोर्टाने नेमलेल्या पालकाने परवानगीशिवाय मुलाला त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर न्यायचं नाही. १९५६ च्या हिंदू अल्पवयीन व पालकत्व कायद्याने ५ वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडे ठेवा म्हटलं, मुलाचं हित सगळ्यात वर ठेवलं, पण नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि नंतरच आई, ते १९९९ ला गीता हरिहरन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने जरा सैल केलं.

२००३ मध्ये हिंदू विवाह कायद्यात बदल होऊन बायकोला ती राहते तिथे केस टाकता यायला लागली. हे गरजेचंच होतं, नाहीतर माहेरी परतलेल्या बाईने तारखांना सासरच्या गावी किती खेटे घालायचे? पण त्यातून असं व्हायला लागलं की वडिलांचा अर्ज पुण्यात आणि आईचा तिच्या गावी, मग केस एकाच कोर्टात आणायला ट्रान्सफर मागायची. आई नागपूरला असेल तर हायकोर्टात भागतं, इंदूरला असेल तर राज्य बदललं म्हणून थेट सुप्रीम कोर्ट, आणि या सगळ्यात पोराचं शाळेचं वर्ष जातं त्याचं काय.

अमेरिकेतले नातेवाईक सल्ले देतात ते इथे चालत नाहीत. तिकडे १९९७ च्या एका नमुना कायद्यावरून जवळपास सगळ्या राज्यांनी ठरवून टाकलंय की केस सुरू होण्याआधीचे ६ महिने मूल ज्या राज्यात राहिलं तिथलं कोर्ट बघणार, बऱ्याच राज्यांत हलायच्या आधी नोटीसही द्यावी लागते. आपल्याकडे लॉ कमिशनने (सरकारला कायद्यातले बदल सुचवणारा आयोग) २०१५ च्या २५७ व्या रिपोर्टमध्ये जॉइंट कस्टडीबरोबर (दोघांकडे मिळून ताबा) रिलोकेशनचाही, म्हणजे मूल घेऊन दुसरीकडे राहायला जाण्याचाही, विचार केला होता, तो कायद्यात उतरला नाही हे मला फार खटकतं.

त्यामुळे सगळा भार निकालांवर. १९७३ च्या रोझी जेकब केसपासून सुप्रीम कोर्ट सांगतंय की कस्टडीची ऑर्डर कायमची नसते, परिस्थिती बदलली की बदलता येते, आणि २०१० मध्ये याच आधारावर संमतीने घटस्फोट घेतलेल्या एका आईला नोकरीसाठी मुलाला ऑस्ट्रेलियाला नेऊ दिलं. पुण्याला जास्त जवळची केस २०२२ ची. इथल्या एका इंजिनिअर बाईला पोलंडला २ वर्षांचं काम मिळालं, ९ वर्षांची मुलगी बरोबर न्यायची होती, वडिलांचा विरोध, आणि पुण्याच्या फॅमिली कोर्टाने नाही म्हटलं. मुंबई हायकोर्टात न्या. भारती डांगरे यांनी ते फिरवलं, आईला मूल की करिअर असं निवडायला लावता येणार नाही म्हणाल्या, पण वडिलांचा हक्कही सोडला नाही, सुट्ट्यांमध्ये मुलीला भारतात आणून भेट आणि एरवी व्हिडिओवर. माझ्या मते हाच मार्ग बरोबर आहे, कारण बाप म्हणून दर आठवड्याला भेटणाऱ्या माणसाचं खरंच खूप काही जातं आणि ते कोर्टाने मोजलंच पाहिजे.

परदेशासाठी जे लागू तेच हैदराबाद-बंगलोरसाठी. संमतीने घटस्फोट घेत असाल तर कन्सेंट टर्म्समध्येच, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या अटींमध्येच, लिहून घ्या, शहर सोडायचं झालं तर किती दिवस आधी कळवायचं, दिवाळी-मे महिना कुणाकडे, आणि प्रवासाचा खर्च कुणी करायचा.