ठरवायचे कुणी? लोकसहभागी कलेची पार्श्वभूमी

सामूहिक कला माणसाइतकीच जुनी आहे, हे खरे असले तरी त्याने फारसे काही उलगडत नाही. आज जिला लोकसहभागी कला म्हणतात, तिच्यात पेशाने कलावंत असलेला माणूस, बहुधा सार्वजनिक पैशातून, एखाद्या वस्तीत जाऊन तिथल्या रहिवाशांसोबत काम करतो. या प्रकाराचे वय जेमतेम शंभरीच्या आतबाहेर. आणि तेवढ्या काळात एकच भांडण पुन्हा पुन्हा उकरले गेले आहे: काय करायचे, हे ठरवणार कोण?

महामंदीत अमेरिकी सरकारने १९३५ साली बेकार कलावंतांसाठी ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ ही योजना काढली. तिच्यातून शंभरावर कलाकेंद्रे उघडली. सामान्य माणसे तिथे चित्रकला शिकू लागली, पण फक्त शिकू लागली. ठरवणारे वेगळेच होते. साठच्या दशकात वारे फिरले. १९६७ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय कलावंतांच्या गटाने एका इमारतीवर आपल्या समाजातल्या मानाच्या माणसांची चित्रे रंगवली. ती ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’. पुढे अमेरिकेतल्या अनेक शहरांनी तिचा कित्ता गिरवला. १९६९ मध्ये नगरनियोजनाच्या अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली: तळाच्या पायरीवर लोकांना नुसते गुंडाळले जाते, वरच्या पायरीवर कारभार त्यांच्याच हाती असतो. शिडी नगरनियोजनासाठी होती, पण कलेलाही चपखल लागू पडते. बहुतेक कलाप्रकल्प मधल्याच पायऱ्यांवर रेंगाळतात, असे माझे मत.

बरेच वर चढलेले एक उदाहरण लॉस एंजेलिसचे. पुराचे पाणी वाहून नेण्यासाठी तिथला एक ओढा काँक्रीटने बांधून काढला होता. १९७६ साली चित्रकार ज्युडी बाका यांनी वस्तीतल्या किशोरवयीन मुलांना हाताशी धरून त्याच्या भिंतीवर कॅलिफोर्नियाचा इतिहास रंगवायला घेतला, तोही पाठ्यपुस्तकांनी वगळलेला: मूळ रहिवाशांचा, मेक्सिकन वंशाच्या लोकांचा, दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी-अमेरिकनांचा. त्यांतली सुरुवातीची बरीच मुले कायद्याच्या कचाट्यात सापडलेली होती. त्यांना कामाचा मोबदला मिळे, आणि रंगकामाआधी इतिहासकारांशी नि वस्तीतल्या जुन्याजाणत्यांशी बोलणे होई. १९८३ पर्यंतच्या पाच उन्हाळ्यांत चारशेहून अधिक मुलांनी सुमारे ८४० मीटर भिंत रंगवली.

रंगभूमीवर हाच प्रश्न ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांच्यापुढे उभा राहिला. प्रेक्षकांनी तोडगा सुचवायचा आणि नटांनी तो करून दाखवायचा, अशी त्यांची पद्धत होती. पेरूतल्या एका प्रयोगात एका बाईचा तोडगा नटांना काही केल्या तिच्या मनासारखा जमेना. बाई चिडली, तेव्हा बोआल यांनी तिलाच रंगमंचावर बोलावले. प्रेक्षकच रंगमंचावर येऊन आपला तोडगा करून दाखवतात, अशा ‘फोरम थिएटर’ची सुरुवात ते या प्रसंगापासून सांगत. पुढे १९९३ ते १९९६ या काळात रिओ दि जानेरोचे नगरसेवक असताना त्यांनी अशा प्रयोगांतून निघालेल्या मागण्या थेट सभागृहात नेल्या, आणि त्यांतल्या काहींचे कायदेही झाले.

ब्रिटनमध्ये गाडी अनुदानाच्या रुळावर गेली. १९७४ मध्ये कलांना सरकारी अनुदान देणाऱ्या आर्ट्‌स कौन्सिलच्या समितीने लोकसहभागी कलेच्या चळवळीला पाठिंबा दिला. पैसा आला, मागोमाग अर्ज, अहवाल आणि निकष आले. दहाच वर्षांत चळवळीतल्याच ओवेन केली यांनी अनुदानाने तिचे दात काढून घेतल्याची टीका केली. २००६ मध्ये समीक्षक क्लेअर बिशप उलट्या बाजूने बोलल्या: सहभाग चांगला, म्हणून कलाही चांगली, असे मानून समीक्षेने हात का आखडावेत? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही.

२०१५ मध्ये लिव्हरपूलच्या ग्रॅन्बी भागातल्या ओस पडलेल्या घरांच्या पुनर्बांधणीच्या कामासाठी ‘असेंबल’ या वास्तुरचनाकारांच्या गटाला ब्रिटनमधला कलेचा मानाचा टर्नर पुरस्कार मिळाला. त्याआधी कितीतरी वर्षे तिथले रहिवासी बंद घरांच्या दारेखिडक्या रंगवत होते, रस्त्यात झाडे लावत होते; २०११ मध्ये जमिनीसाठी न्यासही त्यांनीच उभा केला होता. पुरस्कार मात्र ‘असेंबल’च्या नावावर जमा आहे.